शिनाण्यांची ओळख आणि जनुकीय खुणांचा स्वभाव

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओबान गावाजवळ लॉक एटिव्ह नावाची एक लांब, निमुळती खाडी आहे. आजूबाजूच्या डोंगरांवरून पावसाचे इतके पाणी तिच्यात उतरते की वरच्या थरातले पाणी बहुतेक काळ निमखारेच राहते. या खाडीत टांगत्या दोरांवर निळ्या शिनाण्यांची, म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या एका जातीच्या शिंपल्यांची, शेती होते. कोकणात खडकांवरून काढल्या जाणाऱ्या हिरव्या शिनाण्यांचे हे थंड समुद्रातले नातलग होत. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांना असे आढळू लागले की दोरांवरचे काही शिनाणे वाढायला चांगले वाढतात, पण त्यांचे कवच पातळ असते, दोर उपसताना आणि यंत्रावर प्रतवारी करताना ते फुटतात आणि आत मांसही कमी निघते. हा खाडीच्या पाण्याचा दोष की बियाण्याचा, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येणे शक्य नव्हते. बँगोर विद्यापीठाचे अँडी बोमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासून 2008 साली प्रसिद्ध केलेले उत्तर असे होते की खाडीत एक नव्हे तर तीन प्रजाती एकत्र नांदत आहेत आणि त्यांचे आपापसांत संकरही होत आहेत. ठिसूळ कवचाचा दोष प्रामुख्याने मायटिलस ट्रॉस्युलस या प्रजातीकडे जात होता, आणि तिचे तिथे असणे तोवर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. पुढे स्कॉटलंडच्या 2013 च्या मत्स्यशेतीविषयक कायद्यात ‘व्यापारास हानिकारक प्रजाती’ असा एक वर्ग निर्माण करण्यात आला आणि ट्रॉस्युलसची त्यात नोंद झाली.

हे उदाहरण वाचून सहज असे वाटते की जनुकीय चाचणी केली की प्रश्न मिटला. प्राणिशास्त्र शिकवताना माझा नेहमीचा अनुभव आहे की ‘डीएनए बारकोड’ (डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून प्रजाती ओळखणे) हा शब्द एकदा कानावर पडला की विद्यार्थी दुकानातल्या पुड्यावरच्या पट्ट्यांप्रमाणे प्रत्येक प्राण्यावर एक ठरलेली खूण छापलेली आहे असे गृहीत धरतात. निळ्या शिनाण्यांइतके हे गृहीतक खोटे पाडणारे प्राणी मला दुसरे ठाऊक नाहीत. इथे प्रत्येक मार्करला, म्हणजे ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकीय खुणेला, स्वतःचा इतिहास आहे, त्याच्या वारशाची स्वतःची रीत आहे, आणि ती समजून न घेता काढलेला निष्कर्ष कवचाकडे पाहून केलेल्या अंदाजापेक्षा फारसा बरा नसतो.

उत्तर गोलार्धातल्या तीन प्रजाती अशा : लिनियसने 1758 साली नोंदवलेली मायटिलस एडुलिस, लामार्कने 1819 साली नोंदवलेली भूमध्य सागरातली मायटिलस गॅलोप्रोव्हिन्शियालिस, आणि गूल्डने 1850 साली उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून नोंदवलेली मायटिलस ट्रॉस्युलस. गॅलोप्रोव्हिन्शियालिसचे टोक अधिक वाकडे व अणकुचीदार असते आणि प्रावाराची, म्हणजे कवचाच्या आतल्या मांसल पडद्याची, कड जांभळट असते, असे पुस्तकांत दिलेले असते. ते खरेही आहे, पण सरासरीच्या भाषेत. लाटांचा मारा, दाटी, वय आणि अन्न यांनुसार कवचाचा आकार इतका बदलतो की एकेकटा प्राणी हातात घेऊन त्याचे नाव सांगण्याचे धाडस जाणकारही करत नाहीत. शिवाय जिथे दोन प्रजातींची हद्द लागते तिथे संकर सर्रास होतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला आणि फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर एडुलिस व गॅलोप्रोव्हिन्शियालिस यांच्या संकराचे पट्टे आहेत. त्यामुळे यांना स्वतंत्र प्रजाती म्हणावे की एकाच प्रजातीचे विभक्त होऊ लागलेले समूह म्हणावे, हा वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला तो वाद फार महत्त्वाचा वाटत नाही. नाव काहीही दिले तरी त्यांना वेगळे ओळखण्याची गरज तशीच राहते.

ही गरज किती खरी आहे हे कॅलिफोर्नियाने दाखवून दिले. तिथल्या किनाऱ्यावरचा निळा शिनाणा म्हणजे एडुलिसच, असे अनेक दशके छापले जात होते. 1988 साली मॅकडोनाल्ड आणि कोएन यांनी विकरांच्या रूपांवरून दाखवले की दक्षिण कॅलिफोर्नियातला शिनाणा भूमध्य सागरातला गॅलोप्रोव्हिन्शियालिस आहे आणि उत्तरेकडे आहे तो ट्रॉस्युलस. मग जोनाथन गेलर यांनी संग्रहालयांत जपून ठेवलेल्या, एकोणिसाव्या शतकात दक्षिण कॅलिफोर्नियात गोळा केलेल्या नमुन्यांचे डीएनए तपासले. ते ट्रॉस्युलसचे निघाले. म्हणजे मूळचा रहिवासी हटला होता, परका त्याच्या जागी बसला होता, आणि दोघे इतके सारखे दिसत होते की 1999 मध्ये हे काम प्रसिद्ध होईपर्यंत ही अदलाबदल कोणाच्या नजरेस आलीच नाही. किनाऱ्यावरच्या शिनाण्यांची मोजदाद वर्षानुवर्षे काटेकोरपणे केली असती तरी हे कळले नसते, कारण मोजणाऱ्याच्या वहीत नाव एकच होते.

विकरांच्या त्या काळाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मार्कर म्हणजे काय याचा सर्वांत चांगला धडा त्याच काळातला आहे. विकर म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने. एकाच विकराची दोन जनुकरूपे (एकाच जनुकाच्या किंचित वेगळ्या आवृत्त्या) असतील तर त्यांवरचा विद्युतभार थोडा निराळा असू शकतो, आणि स्टार्चच्या जेलमधून वीजप्रवाह सोडला की ती निरनिराळे अंतर कापतात. जेलचा काप रंगद्रव्यात बुडवला की पट्ट्या उमटतात. कोणत्या ठिकाणी कोणते जनुकरूप किती प्रमाणात आहे, याची तुलना करून समूह वेगळे आहेत की एकमेकांत मिसळतात हे ठरवायचे. यामागचे गृहीतक असे की त्या जनुकरूपांमुळे प्राण्याच्या जगण्या-मरण्यात काही फरक पडत नाही.

रिचर्ड कोएन यांनी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंड या चिंचोळ्या समुद्रपट्ट्यात नेमके हे गृहीतक तपासले. अमिनोपेप्टिडेज नावाच्या विकराचे एक विशिष्ट रूप खुल्या समुद्रात सुमारे 0.55 प्रमाणात होते आणि आत, गोडे पाणी मिसळणाऱ्या साउंडमध्ये, ते सुमारे 0.15 पर्यंत उतरत होते. हे आकडे एखाद्याने नुसते कागदावर पाहिले असते तर इथे दोन वेगळे समूह आहेत आणि त्यांच्यामध्ये काही अडथळा आहे, असाच निष्कर्ष निघाला असता. प्रत्यक्षात डिंभक, म्हणजे पाण्यात तरंगणारी इवली पिल्ले, समुद्रातून आत वाहून येत होते, आत येऊन खडकांना चिकटत होते, आणि चिकटताना त्यांच्यातले प्रमाण समुद्रातल्यासारखेच होते. नंतरच्या काही महिन्यांत विशिष्ट जनुकरूपाचे प्राणी अधिक मरत होते आणि त्यामुळे प्रमाण उतरत होते.

याचे कारण शरीरक्रियेत आहे. खाऱ्या पाण्यात पेशी आकसू नये म्हणून शिनाणा आपल्या पेशींत मुक्त अमिनो आम्ले साठवतो, आणि हे विकर प्रथिनांपासून ती आम्ले सुटी करते. ज्याच्याकडे अधिक सक्रिय रूप आहे त्याला खुल्या समुद्रात त्याचा लाभ होतो. निमखाऱ्या पाण्यात मात्र एवढ्या अमिनो आम्लांची गरज नसते. तिथे ती वाया जातात, नायट्रोजन शरीराबाहेर टाकावा लागतो आणि अन्नाची टंचाई असेल तेव्हा हा खर्च जिवावर बेततो. हे काम 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. समुद्री प्राण्यांच्या एकाच जनुकावर नैसर्गिक निवड कशी काम करते हे इतक्या बारकाईने दाखवणारी उदाहरणे त्या वेळी फार थोडी होती. माझ्या मते त्याचे खरे महत्त्व असे की दोन ठिकाणचे प्रमाण वेगळे दिसले म्हणजे येणे-जाणे थांबले आहे असे नव्हे, हे त्याने कायमचे शिकवले. अशा जनुकावरून निमखाऱ्या पाण्याशी जुळवून घेण्याबद्दल पुष्कळ कळते, पण प्राणी कुठून आला हे त्यावरून विचारू नये.

विकरांसाठी ताजे किंवा गोठवलेले मांस लागे. डीएनएच्या नेमक्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारे पीसीआर तंत्र आल्यावर अल्कोहोलमधला लहानसा तुकडाही पुरू लागला. 1995 साली जपानमधल्या इनोउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपा मार्कर दिला, जो आजही जगभर वापरला जातो. शिनाणे ज्या धाग्यांनी खडकाला घट्ट धरून राहतात त्या धाग्यांतल्या चिकट प्रथिनाच्या जनुकाचा एक भाग तिन्ही प्रजातींत निरनिराळ्या लांबीचा असतो : एडुलिसमध्ये 180 बेस-जोड्या (डीएनएच्या साखळीतले एकेक दुवे), ट्रॉस्युलसमध्ये 168 आणि गॅलोप्रोव्हिन्शियालिसमध्ये 126. प्रावाराच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापायचा, डीएनए काढायचा, तेवढाच भाग पीसीआरने वाढवायचा आणि जेलवर चालवायचा. 126 ची पट्टी पुढे निघून गेलेली लगेच दिसते. 168 आणि 180 यांच्यात मात्र केवळ 12 जोड्यांचे अंतर असल्याने जेल पातळ असेल किंवा घाईने थांबवली असेल तर एडुलिस आणि ट्रॉस्युलस एकाच रेषेत बसतात. संकर प्राण्यात दोन पट्ट्या दिसतात आणि कित्येकदा त्यांच्या मागे, वरच्या बाजूला, एक तिसरी फिकट पट्टीही असते. दोन वेगळ्या लांबीच्या साखळ्या एकमेकींशी अर्धवट जुळून जी गाठाळ जोडी बनते ती जेलमधून अडखळत सरकते, आणि तीच ही पट्टी. नवख्या माणसाला ती चौथी प्रजाती वाटू शकते.

या मार्करची अडचण तंत्राची नाही, ती आनुवंशिकतेच्या साध्या गणिताची आहे. संकर प्राण्याचा शुद्ध एडुलिसशी पुन्हा संयोग झाला तर होणाऱ्या संततीपैकी निम्मी या एका जनुकापुरती शुद्ध एडुलिस दिसेल, जरी तिच्या उरलेल्या जनुकसंचात दुसऱ्या प्रजातीचा वाटा असला तरी. एकमेकांपासून स्वतंत्र असे दहा मार्कर घेतले तर असा प्राणी सर्व दहा ठिकाणी शुद्ध दिसण्याची शक्यता 1024 मध्ये एक इतकी खाली येते. पहिल्या पिढीचा संकर आणि दुसऱ्या पिढीचा संकर यांतला फरकही एका जनुकावरून कळत नाही. लॉक एटिव्हसारख्या ठिकाणी, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मिसळण चालू आहे, तिथे एका पट्टीवरून ‘हा ट्रॉस्युलस’ असा शेरा मारणे म्हणजे एका नातेवाईकाला पाहून साऱ्या घराण्याची साक्ष देणे झाले.

दक्षिण गोलार्धात आणखी एक पेच आहे. चिलीच्या किनाऱ्यावर मायटिलस चिलेन्सिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिनाण्याची प्रचंड शेती होते आणि त्याचा माल स्पेनसारख्या देशांतही जातो, जिथे गॅलिसियाच्या स्थानिक गॅलोप्रोव्हिन्शियालिसला मूळ स्थानाचे संरक्षित नाव मिळालेले आहे. म्हणजे डबाबंद मालात कोणता शिनाणा आहे, हा प्रश्न पैशाचा आहे. चिकट प्रथिनाच्या मार्करवर चिलीचा शिनाणा 180 चीच पट्टी देतो, म्हणजे तो एडुलिससारखाच दिसतो. तो गॅलिसियाचा नाही एवढे त्यावरून सांगता येते, पण तो उत्तर अटलांटिकचा की चिलीचा हे सांगता येत नाही. त्यासाठी दुसरे मार्कर लागतात.

मग मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाचा, स्वतंत्र डीएनए का वापरू नये? बहुतेक प्राण्यांत तो केवळ आईकडून येतो, त्याची भरपूर प्रतिरूपे प्रत्येक पेशीत असतात, आणि बारकोडसाठी त्यातलेच एक जनुक जगभर निवडले गेले आहे. शिनाण्यांनी इथेही आपला हट्ट सोडलेला नाही. 1994 साली स्किबिन्स्की आणि झूरोस यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की यांच्यात मायटोकॉन्ड्रियाचे दोन वंश समांतर चालतात. आई आपला मायटोकॉन्ड्रिया मुलगे आणि मुली अशा सर्वांना देते. बाप आपला देतो तो फक्त मुलग्यांना, आणि ते मुलगे तो पुढे आपल्या मुलग्यांना देतात. फलनानंतर मादी होणाऱ्या भ्रूणात शुक्राणूचे मायटोकॉन्ड्रिया विखुरतात, तर नर होणाऱ्या भ्रूणात ते एकत्र राहून पुढे जननपेशी बनवणाऱ्या पेशींत जातात. नर वंशाचा आणि मादी वंशाचा डीएनए एकाच प्रजातीत 20 टक्क्यांहून अधिक भिन्न असू शकतो. दोन वेगळ्या प्रजातींतल्या मादी वंशांत एवढे अंतर नसते.

याचा व्यवहारातला परिणाम फार रोकडा आहे. शिनाण्याची जननग्रंथी प्रावारात पसरलेली असते, आणि वर सांगितलेला प्रावाराचा तुकडा पक्व नराचा असेल तर त्यात दोन्ही वंशांचे डीएनए मिसळलेले येते. तोच तुकडा चिकट प्रथिनाच्या चाचणीला उत्तम असला तरी मायटोकॉन्ड्रियाच्या चाचणीला घातक ठरतो. तिथे पायाचा किंवा कवच मिटणाऱ्या स्नायूचा तुकडा घ्यावा लागतो. भरीस भर म्हणजे अधूनमधून मादी वंशाचा मायटोकॉन्ड्रिया नर वंशाच्या वाटेत शिरतो आणि पुढे नरांकडूनच नरांना दिला जातो. त्यामुळे ‘नर प्रकार’ आणि ‘मादी प्रकार’ ही विभागणीसुद्धा डोळे मिटून वापरता येत नाही.

बाल्टिक समुद्रात तर दोन्ही साक्षीदार उघडपणे एकमेकांविरुद्ध बोलतात. तिथल्या कमी क्षारतेच्या पाण्यात लहान आकाराचे शिनाणे राहतात. त्यांच्या केंद्रकातल्या अनेक जनुकांत ट्रॉस्युलसची ओळख स्पष्ट आहे, पण मायटोकॉन्ड्रिया पाहिला तर तो एडुलिसचा निघतो. पूर्वी कधीतरी झालेल्या संकरानंतर एडुलिसचा मायटोकॉन्ड्रिया त्या समूहात शिरला आणि मूळचा नाहीसा झाला. बारकोडपुरते पाहणारा इथे एडुलिस लिहील, चिकट प्रथिनापुरते पाहणाऱ्याला दुसरेच चित्र दिसेल. दोघांचेही काम बिनचूक असू शकते, आणि त्यांच्यातला विरोध हीच त्या समुद्राच्या इतिहासाची सर्वांत मोलाची नोंद आहे. एक साक्ष खोटी ठरवून दुसरी ठेवण्याची घाई केली की ती नोंदच पुसली जाते.

एकाच प्रजातीतले जवळचे समूह वेगळे करायचे झाले तर काम आणखी अवघड होते. डिंभक दोन ते चार आठवडे पाण्याबरोबर वाहत असल्याने दूरदूरचे किनारे जनुकीयदृष्ट्या जवळ राहतात. डीएनएमधल्या लहान पुनरावृत्तींचे, म्हणजे मायक्रोसॅटेलाइटचे, मार्कर त्यासाठी बराच काळ लोकप्रिय होते. परंतु शिंपलावर्गीय प्राण्यांच्या डीएनएमध्ये फेरफार इतके दाट असतात की पीसीआरचा प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा लहान तुकडा) जिथे चिकटायला हवा तिथेच एखादा बदल असतो, ते जनुकरूप वाढतच नाही आणि दोन भिन्न रूपे असलेला प्राणी एकाच रूपाचा दिसतो. मग आकडे सांगतात की इथे आप्तसंकर चालू आहे, आणि प्रत्यक्षात दोष प्रायमरचा असतो. शिवाय एक मादी लाखो अंडी सोडते, त्यांतली जवळजवळ सगळी मरतात, आणि एखाद्या वर्षी मोजक्याच जोडप्यांची संतती तगते. डेनिस हेजकॉक यांनी 1994 मध्ये याला सोडतीची उपमा दिली. या सोडतीमुळे कधीकधी एकाच खडकावर दोन वर्षांत आलेली पिल्ले एकमेकांपासून जितकी वेगळी दिसतात तितके दोन देशांचे किनारेही दिसत नाहीत. म्हणून एकाच ऋतूतले नमुने घेऊन समूहाची सीमा आखणारा अहवाल मी फार सावधपणे वाचतो.

आता एकेका अक्षराच्या फरकाचे, म्हणजे एसएनपीचे, अनेक मार्कर एकत्र वापरले जातात आणि त्यांनी पुष्कळ जुने घोटाळे निस्तरले आहेत. तरीही निवडीचा प्रश्न राहतोच. युरोपातल्या तीन प्रजातींत फरक दाखवणारी अक्षरे निवडून संच बनवला तर तो त्या तिघींना उत्तम वेगळे करतो, पण चिलीच्या शिनाण्याला त्या तिघींच्याच चौकटीत बसवायला बघतो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या गॅलोप्रोव्हिन्शियालिसच्या जनुकसंचाने आणखी एक धक्का दिला. या प्रजातीच्या सर्व शिनाण्यांत सापडणारी सुमारे 45,000 जनुके आणि त्याशिवाय कोणात असणारी, कोणात नसणारी अशी सुमारे 20,000 जनुके त्यात मिळाली. जे जनुकच एखाद्या प्राण्यात नाही त्यातला मार्कर त्याच्यात शोधून काय उपयोग?

सगळ्यांत विलक्षण प्रकार शेवटी राखून ठेवला आहे. एडुलिसच्या नमुन्यांत अधूनमधून ट्रॉस्युलसची जनुकरूपे दिसत, तीही विचित्र प्रमाणात : धड संकरासारखी नाहीत, धड शुद्ध नाहीत. असे नमुने मिसळण झाली असेल म्हणून टाकून देण्याची रीत होती. 2016 साली मायकेल मेट्झगर यांच्या गटाने दाखवले की शिनाण्यांत व इतर काही शिंपलावर्गीय प्राण्यांत रक्तपेशींचा एक कर्करोग प्राण्याकडून प्राण्याकडे पसरतो, आणि पसरणारी गोष्ट विषाणू नसून स्वतः कर्करोगाची पेशीच असते. मग 2017 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी सुचवले की ते विचित्र नमुने टाकून देऊ नयेत, कारण त्यांचे कारण हा कर्करोग असू शकतो. 2019 मध्ये असे सिद्ध झाले की ट्रॉस्युलसच्या एका प्राण्यात कधीतरी उद्भवलेला एकच कर्करोगवंश युरोपातल्या एडुलिसमध्ये आणि चिली व अर्जेंटिनातल्या शिनाण्यांमध्येही पोहोचला आहे. म्हणजे एडुलिसमधली ट्रॉस्युलसची ती जनुकरूपे आईबापांकडून आलेली नव्हती. ती केव्हाच मेलेल्या एका परक्या प्राण्याच्या, अजून वाढत असलेल्या पेशींची होती.

आपल्या किनाऱ्यांपुरते बोलायचे तर मायटिलस इथे नाही. आपल्याकडे पेर्ना आहे : कोकण-गोव्यातला हिरवा पेर्ना व्हिरिडिस, आणि केरळच्या दक्षिण भागात व कन्याकुमारीकडे मिळणारा तपकिरी शिनाणा. या तपकिरी शिनाण्याला 1976 साली कुरियाकोस आणि नायर यांनी पेर्ना इंडिका असे नाव दिले आणि तो केवळ भारतात आढळणारा म्हणून पुस्तकांत बसला. 2016 मध्ये जोनाथन गार्डनर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी कवचांची आणि डीएनएची साक्ष एकत्र मांडून दाखवले की हा आफ्रिका व अरबस्तानाकडचा पेर्ना पेर्नाच आहे आणि ओमानच्या परिसरातून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण भारतात आला असावा. नुसते केरळचे नमुने कितीही मार्करांनी तपासले असते तरी हे उत्तर मिळाले नसते. त्यासाठी समुद्रापलीकडचे शिनाणे शेजारी ठेवून पाहावे लागले. कोकणातल्या हिरव्या शिनाण्यांची अशी तपासणी करायची झाली तर रत्नागिरी आणि मालवणच्या नमुन्यांबरोबर कारवार, केरळ आणि पूर्व किनाऱ्याचेही नमुने घ्यावे लागतील, तेही एकाहून अधिक ऋतूंतले, आणि प्रत्येक प्राण्याच्या पायाचा तुकडा वेगळ्या कुपीत ठेवून.